साधन घरचे, पण मापाचे

क्रीडासाहित्याचा विषय निघाला की महाविद्यालयांतली चर्चा अनुदानापाशी सुरू होते आणि अनुदानापाशीच संपते. यंत्रे नाहीत, सभागृह नाही, म्हणून खेळ नाही! हा युक्तिवाद मला पटत नाही. निदान अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याने तरी तो करू नये. गावचा सुतार, गावची माती आणि गावचा कापूस एवढ्यावर ज्याचे सारे साधन उभे राहते, तो मल्लखांब आपल्या दाराशीच वाढला आहे.

मल्लखांब मुळात जन्मला तोच सरावाचे साधन म्हणून. कुस्तीगिराला दरवेळी जोड मिळेलच असे नाही. तेव्हा लाकडाच्या खांबालाच जोडीदार मानायचे आणि त्याच्याशी झोंबून अंगात चपळाई आणायची. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे जीवन दिले. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. ज्यांनी हे केले त्यांनी यंत्रांची वाट पाहिली असती, तर अमरावतीचे नाव बर्लिनपर्यंत पोचले असते काय?

आणि अंगणात साधन उभारण्याची ही वृत्ती काही आपलीच मिरास नाही. थंड मुलखात पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा, स्कीइंगचा, खेळ आहे. त्यातही लोखंडी कठड्यांवरून आणि नळ्यांवरून घसरत कसरती करण्याचा एक प्रकार आहे. 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकपासून 'स्लोपस्टाइल' स्पर्धेत तो पाहायला मिळतो. बर्फ वितळला की तिकडची हौशी मुले घरामागच्या अंगणात लाकडी पायांवर एखादी नळी बसवतात, उतारावर कृत्रिम गवताची पट्टी अंथरतात आणि सराव चालू ठेवतात. आमच्या वऱ्हाडात बर्फ पाहायचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर! तरीही त्या मुलांची नळी आणि आपला खांब यांचे नाते मला जवळचे वाटते. दोन्हीकडे खेळाडू बाजाराकडे न बघता आधी स्वतःच्या हाताकडे बघतो.

पण येथेच एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख आहे. घरचे साधन म्हणजे कसेबसे साधन नव्हे. दर्यापूरकडच्या एका गावात, शाळेच्या आवारात, मी एकदा कलंडलेला मल्लखांब पाहिला. लाकूड उत्तम होते, सुताराचे काम सुबक होते. पण खांब सरळ काळ्या मातीत पुरला होता. आमची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. विजेचे खांब जिथे कलतात तिथे मल्लखांब कसा टिकणार? त्या खांबावर मुले चढत होती, याचेच मला भय वाटले.

म्हणून साधन उभारताना तीन गोष्टी पाळाव्यात, असे माझे मत आहे. पहिली लाकडाची. मेळघाटचा साग आपल्याला परका नाही. सरळ रेषेचे, गाठ किंवा चीर नसलेले लाकूड घ्यावे. जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास उंची, बुंध्याशी सुमारे 55 सेंटिमीटर घेर, वर निमुळते होत जाणारे अंग, मग मान आणि माथ्यावर बोंड. लहान मुलांसाठी खांब याहून बुटका हवा. रंधा असा फिरवावा की तळहाताला कूस लागू नये. वरून एरंडेल चोळावे. त्याने कातडी सोलवटत नाही. दुसरी गोष्ट पायाची. मीटरभर खोल खड्डा घेऊन त्यातली काळी माती काढून टाकावी, पुरायच्या भागाला वाळवीसाठी डांबर लावावे आणि खड्डा दगड-मुरमाने ठोकून भरावा. तिसरी गोष्ट पडण्याच्या जागेची. भोवती भुसभुशीत मातीचा हौद किंवा जाड गादी असल्याखेरीज एकालाही वर चढू देऊ नये. पहिल्या दोन गोष्टींत आपण हौसेने लक्ष घालतो. तिसरी राहून जाते.

दोरीच्या मल्लखांबाला तर खड्डाही नको. पूर्वी तो वेतावर करीत. वेत दुर्मिळ झाला तेव्हा सुती दोर आला. आता सांगा, 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' अशी म्हण ज्या कापसाने खरी केली, त्याच्या मुलखात सुती दोराला काय तोटा? मजबूत आढे मात्र हवे, आणि दोर दर महिन्याला हाताने चाचपून पाहायला हवा. मुलींनी दोरीवरच कसरत करावी, असे फार काळ मानले गेले. आज स्पर्धांत मुली पुरलेल्या खांबावरही चढतात. हिमानी परब या मल्लखांबपटू मुलीला 2021 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा साधन उभारले की त्यावरचा वेळ मुलामुलींत सारखा वाटला जावा, हेही आजच ठरवून टाकावे.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण अपघात झाला तर जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की साधन घरचे चालेल, शिकवणारा मात्र जाणकारच हवा. मोबाइलवर उड्या पाहून खांबाला भिडणे हा अविचार होय. सुदैवाने अमरावतीत शारीरिक शिक्षणाचे धडे घेतलेले शिक्षक वऱ्हाडभर विखुरले आहेत. त्यांना आदराने बोलवावे, त्यांच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. अनुदान मागूच नये, असेही मी म्हणत नाही. जरूर मागावे, पण ते गादीसाठी आणि शिक्षकाच्या मानधनासाठी मागावे. खांब आपण उभारू.

मित्रहो, मैदानाच्या कोपऱ्यात एक खांब आणि निंबाच्या सावलीत आढ्याला एक दोर, एवढे तरी यंदा व्हावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आपण ज्या गावी जाऊ, तेथेही आणखी एक खांब उभारता येईल. फक्त खांब उभा करणाऱ्यांच्या यादीखाली आणखी दोन नावे लिहून ठेवावीत. मे महिन्यात जमीन भेगाळते आणि सुट्टीत कोणीच फिरकत नाही. तेव्हा येऊन खांब हलवून कोण पाहणार, त्यांची ती नावे असावीत.