बर्गरची किंमत की खुर्चीचे भाडे?

शनिवारी संध्याकाळी वाशी, नेरूळ किंवा खारघर येथील एखाद्या नव्या बर्गरगृहात पाऊल टाकले, की प्रथम नजरेत भरते ती तेथील गर्दी. भिंती मुद्दाम उघड्या ठेवलेल्या विटांच्या, दिवे मंद, संगीत शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये इतके मोठे, आणि पदार्थांची नावे अशी, की एखाद्या मध्यमवयीन कारकुनाने सोबतच्या मुलीलाच विचारावे, ‘यातले खायचे कोणते आणि प्यायचे कोणते?’ चौघांच्या कुटुंबाने चार बर्गर आणि चार मिल्कशेक मागवले, तर बिल सहज दीड हजाराच्या घरात जाते. परतीच्या वाटेवर वडील मनाशी हिशेब मांडतात, की एवढ्या पैशांत घरातील आठवड्याचे दूध आणि भाजी येऊन वर काही उरले असते.

हा हिशेब चुकीचा नाही. चुकतो तो त्यातून काढला जाणारा निष्कर्ष. नवी पिढी उधळी झाली, पाश्चात्त्यांच्या खाण्याच्या मागे लागली, असे म्हणून विषय संपवला जातो आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. दीड हजार रुपये नेमके कशासाठी मोजले गेले, हा तो प्रश्न होय.

पाश्चात्त्य खाण्याच्या आकर्षणाचे स्पष्टीकरण आता फारसे टिकत नाही. मॅकडोनाल्ड्सने ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत आणि त्याच महिन्यात मुंबईत दुकान उघडले, त्याला तीन दशके होत आली. येथे पाय रोवण्यासाठी त्या कंपनीला गोमांस व डुकराचे मांस वगळावे लागले आणि बटाट्याच्या टिक्कीला पावात स्थान द्यावे लागले. अशा टिक्क्या तयार करणारा कारखाना नवी मुंबईच्या कुशीतील तळोजा औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. बारामतीच्या दुग्धप्रकल्पातून चीज आले, तर तळलेल्या बटाट्याच्या कांड्यांसाठी गुजरातेत करारावर बटाटा पिकू लागला. ज्या पदार्थाची सामग्री तळोजे-बारामतीहून येते आणि जो खाणारी आज दुसरी पिढी आहे, त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. शेवटी बटाटा आणि पाव हे दोन्ही समुद्रापलीकडूनच आले; त्यांचा वडापाव झाला तेव्हा कोणी तक्रार केली नाही.

आता किमतीकडे वळू. मिल्कशेकचेच उदाहरण घ्यावे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधासाठी संघांनी लिटरला ३० रुपये द्यावेत आणि त्यावर ५ रुपये अनुदान मिळावे, असे ठरवले. एका मिल्कशेकमध्ये पाव लिटर दूध जाते असे धरले, तर त्या दराने गोठ्यापर्यंत पोहोचणारी रक्कम नऊ रुपयेही होत नाही. त्यात आइस्क्रीम, साखर, चॉकलेट, वीज व कामगारांचे वेतन मिळवावे, पाच टक्के वस्तू व सेवा कर मिळवावा, तरीही दोनशे रुपयांचा आकडा गाठताना दमछाक होते. मधली दरी केवळ नफ्याने भरत नाही, कारण अशी उपाहारगृहे जितक्या धडाक्याने उघडतात तितक्याच शांतपणे बंदही होतात. ती दरी मुख्यतः जागेची आहे.

वडापावाशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी हा पदार्थ लोकप्रिय केला, तो गिरणीकडे किंवा कचेरीकडे घाईने निघालेल्या माणसासाठी. तो उभ्याने खायचा आणि पुढे चालू लागायचे. वडापावच्या गाडीवर खुर्ची नसते. म्हणून त्याची किंमत ही बव्हंशी वड्याची आणि पावाचीच किंमत असते. बर्गरगृहातील ग्राहक मात्र वातानुकूलित हवा, स्वच्छ प्रसाधनगृह, भ्रमणध्वनीच्या विजेची सोय आणि दोन तासांची खुर्ची यांसाठी पैसे मोजत असतो. बर्गर ही त्या खुर्चीची पावती आहे.

येथे कोणी म्हणेल, की मुंबईच्या इराण्याकडेही खुर्ची होतीच. एका चहावर आणि बनमस्क्यावर तासन्‌तास बसता येत असे. ते खरे आहे. परंतु इराण्याचे औदार्य सर्वस्वी त्याच्या गल्ल्यातून येत नव्हते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीशी जखडून ठेवली होती. इराण्याच्या खुर्चीचे भाडे त्याच्या घरमालकाने सोसले, आणि एका पिढीला वर्तमानपत्र वाचायला, वाद घालायला, नोकरीचे अर्ज लिहायला जागा मिळाली. नवी मुंबईत तशी सोय नाही. तेथील भूखंड सिडकोने निविदा मागवून, अधिक बोली लावणाऱ्याला द्यावेत आणि त्या पैशातून शहर बांधावे, हीच मुळी या नगराची अर्थव्यवस्था आहे.

मात्र एवढ्यावरून, भाडे महाग म्हणून मिल्कशेक महाग, असे म्हणणे घाईचे ठरेल. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्येच बजावून ठेवले आहे, की खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग असते म्हणून खंड द्यावा लागतो. हे सूत्र बर्गरगृहाला चपखल लागू पडते. माणसे दोन तासांच्या खुर्चीसाठी चारशे रुपये द्यायला तयार आहेत, म्हणून तर मॉलमधील गाळ्याला तेवढे भाडे मिळते. ती का तयार आहेत? आसपास दुसरी खुर्चीच नाही म्हणून.

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडच्या नगराची कल्पना मांडली, ती मुंबईतील गर्दीवर तोडगा म्हणून. त्यासाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली. तिच्या मोबदल्याच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जण पोलिसांच्या गोळीबारात बळी गेले. या मातीला किंमत आली ती अशा त्यागातून आणि सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पूल, रस्ते व रेल्वेमुळे. प्रत्येक वसाहतीत शाळा, बाजार, उद्यान यांची आखणी झाली. पण शाळा सुटलेल्या आणि संसार न मांडलेल्या अठरा ते पंचवीस वयाच्या माणसाने दुपारी कोठे बसावे, या प्रश्नाचे उत्तर नकाशात नीटसे सापडत नाही. वाशीचा खाडीकिनारा रम्य आहे, पण मे महिन्याच्या दुपारी किंवा जुलैच्या धारांत तेथे पुस्तक उघडता येत नाही. घर दोन खोल्यांचे, महाविद्यालयाचे वर्ग तास संपताच कुलूपबंद, आणि सोसायटीच्या आवारात चार मुले बसली की पहारेकऱ्याची शिट्टी. सीवूड्स-दारावेसारख्या स्थानकातून बाहेर पडणारी वाटच मॉलमध्ये शिरते. त्या नावातील दारावे हे गाव आहे. गावाला पार असे, आणि पारावर बसणाऱ्याकडे कोणी पावती मागत नसे.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक बोचरा आहे. चार मैत्रिणींनी कट्ट्यावर संध्याकाळ काढली, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा आणि घरचे प्रश्न दोन्ही झेलावे लागतात. बर्गरगृहात त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ही सुरक्षितता त्या दोनशे रुपयांना विकत घेतात आणि ज्यांना ते परवडत नाही, त्या घरी जातात. उधळेपणाचा आरोप करणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात घ्यायला हवा. गल्ल्यापलीकडे गणवेश घालून उभी असलेली मुलेही त्याच वयाची असतात. पाळी संपल्यावर त्यांनी कोठे बसावे, हेही कोणी ठरवलेले नाही.

यावर उपाय म्हणून कर सुचवला जातो. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झासारख्या पदार्थांवर साडेचौदा टक्के कर बसवला होता. पुढल्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला आणि तो त्यात विरून गेला. आरोग्याच्या दृष्टीने अशा कराचे समर्थन होऊ शकेल. पण लोक खुर्ची विकत घेत असतील, तर करामुळे खुर्ची महाग होईल एवढेच. गरीब विद्यार्थी आणखी एक पायरी खाली ढकलला जाईल.

टंचाई असेल तेथे पुरवठा वाढवावा, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्या ग्रंथालयांना रात्री दहापर्यंत उघड्या राहणाऱ्या, पंखा आणि स्वच्छ प्रसाधनगृह असलेल्या अभ्यासिका जोडण्यास फार मोठा खर्च येणार नाही. महाविद्यालयांनी दोन वर्ग तास संपल्यावर उघडे ठेवावेत. महापालिकेने समाजमंदिरे लग्नसराईपुरती न राखता एरवी दुपारी खुली करावीत. आणि सिडकोने भूखंड विकताना मिळणाऱ्या पैशातील लहानसा हिस्सा प्रत्येक वसाहतीतील एका छपराखालच्या, फुकट बसता येणाऱ्या जागेसाठी बाजूला काढावा. जमिनीचे मोल समाजाने वाढवले असेल, तर त्यातील चार खुर्च्या समाजाला परत मिळण्यात उपकाराचा प्रश्न येत नाही.

असे झाल्याने बर्गरगृहे ओस पडतील, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. चांगला बर्गर लोक आवडीने खातील, मुलीच्या हट्टापायी वडीलही अधूनमधून मिल्कशेक पितील. फरक इतकाच पडेल, की बसायला दुसरी जागा असताना ते तेथे गेलेले असतील आणि दुकानदाराला खुर्चीच्या जिवावर नव्हे, तर पदार्थाच्या चवीवर पैसे मिळवावे लागतील.