खडीत दिशा उरत नाही

भू-वारसा म्हटले की लोणारचे विवर आठवते. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा जतनाच्या विधेयकाचा मसुदा जाहीर केला. त्यावर बोलताना मला चिंता वाटते ती ज्याकडे कोणी वळूनही पाहत नाही अशा सह्याद्रीच्या साध्या काळ्या कातळाची.

या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. लोहाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू, ही त्याची घडण. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर आपले कायम चुंबकत्व गमावते. दख्खनच्या कणांत टायटॅनियम मिसळलेले असल्याने ही सीमा बरीच खालीही येते. लाव्हा निवत त्या सीमेखाली उतरला की तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा कणांत गोठते. पुढे भूखंड कुठेही सरकला तरी ती नोंद कातळासोबत प्रवास करते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही हेच खनिज इल्मेनाइटसोबत सापडते. लोहचुंबक फिरवा, कण चिकटून येतील. पण ती वाळू दिशेबाबत मुकी आहे, कारण तिचा प्रत्येक कण स्वतंत्रपणे लोळत आलेला आहे.

१९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी आणि पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह दख्खनच्या खडकांची मोजमापे प्रसिद्ध केली. सरासरी भूचुंबकीय क्षेत्र द्विध्रुवी मानले, तर नतिकोनाचे टॅन अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असते. एवढ्या सूत्रावरून कळते की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस तीसएक अंशांवर होता. भूखंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्यही नव्हते!

या मोजणीला एक अट आहे: नमुना कातळापासून सुटण्यापूर्वी त्याची उत्तर दिशा आणि कल नोंदवावा लागतो. क्रशरमधून निघालेल्या खडीत मॅग्नेटाइट तसेच असते, रसायनही तेच. दिशा मात्र नाहीशी झालेली असते. उद्याचा कितीही संवेदनशील चुंबकत्वमापक ती परत आणू शकणार नाही.

खडीच नको, असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. मी राहतो त्या गुरुग्रामच्या इमारतींतही खडीच आहे, आणि येथील अरवलीतले खाणकाम २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला थांबवावे लागले. माझे मागणे मर्यादित आहे. घाटरस्त्यांलगतच्या निवडक उभ्या कापांना संरक्षण मिळावे आणि नव्या दगडखाणीला परवाना देण्यापूर्वी प्रत्येक लाव्हाथराचे दिशांकित नमुने घेऊन ते साठवावेत. खर्च फार नाही: एक ड्रिल, एक होकायंत्र, काही दिवसांचे श्रम. मसुद्याचा भर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकारांवर आहे, आणि माझा आक्षेप तेथेच आहे. हे काम विद्यापीठांचे भूशास्त्र विभाग आपल्या विद्यार्थ्यांसह आजही करू शकतील.