हिशेब उघडा, चेहरा झाकलेला

उपवासकाळ आला की आपल्या भागातल्या चर्चमधून, शाळा-कॉलेजांतून दोन गोष्टी ठरलेल्या असतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते आणि वर्गावर्गातून डबा फिरायला लागतो. चार-पाच आठवड्यांत पैसे जमतात, मग किट तयार होतात. तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साबण. आणि शेवटी फोटो. देणारे मागे रांगेत, घेणारी बाई पुढे, मधे पिशवी, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडं बघायचं. मला या फोटोबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण यंदाही तो निघणार आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी किटच्या विरोधात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं. तेव्हा नदीकाठच्या लोकांना आधी भाकरी आणि कोरडं अंथरूण हवं होतं, भाषण नको होतं. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतसुद्धा तो माणूस जखमी वाटसरूला प्रश्न विचारत बसत नाही. आधी जखमा बांधतो. पण त्या पुराच्या वेळी मी एक ट्रक बघितला. कुठल्या संस्थेचा ते महत्त्वाचं नाही. बॅनर नीट दिसला नाही म्हणून एका आजींना पिशवी परत ठेवायला लावली आणि पुन्हा घ्यायला लावली. आजींनी पदर डोक्यावरून थोडा पुढं ओढला, तोंड झाकेल एवढा. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी त्या पदरानं सांगितलं. आपण ऐकायला हवं होतं.

प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दान गुपचूप करायला सांगितलंय, इतकं गुपचूप की आपल्याच दुसऱ्या हाताला कळू नये. हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. यावर मित्रमंडळी लगेच म्हणतात, ‘अगं, फोटो नाही तर लोकांना पुरावा काय देणार? पैसे कुठं गेले विचारतील की.’ प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर बायबलमध्येच आहे. संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून मदत गोळा केली, तेव्हा ती रक्कम एकट्यानं नेली नाही. भरवशाची माणसं बरोबर घेतली, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. मतलब, हिशेब उघडा पाहिजे. किती जमले, कशावर खर्च झाले, किती उरले, हे कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावा. पुरावा पैशाचा द्यायचा असतो. गरिबाचा चेहरा म्हणजे पावती नव्हे.

आता जरा मोठा मुद्दा. आपण ज्यांना किट देतो त्या बायका गरीब का आहेत, हे आपण कधी विचारतो का? निपाणी म्हटलं की तंबाखू. वखारीत दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत काम करणाऱ्या बायका, आणि घरी सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. मजुरी हजार विड्यांमागे. ठेकेदारानं ज्या विड्या नापास केल्या त्यांची मेहनत पाण्यात. हे काही देवानं लिहून ठेवलेलं नशीब नाही, हा माणसांनी ठरवलेला दर आहे. आणि माणसांनी ठरवलेला दर माणसं बदलूही शकतात.

ते इथं घडलंही आहे. १९८० च्या सुमाराला निपाणीच्या या बायका चिकोडी तालुका कामगार महासंघात एकत्र आल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटानं १९८२ साली माहितीपट केला. आणि १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर येऊन बसले. शरद जोशी आणि निपाणीचे सुभाष जोशी पुढे होते. १४ मार्चला सुरू झालेलं हे आंदोलन तीन आठवड्यांहून जास्त चाललं. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला होता. म्हणजे हे सगळं उपवासकाळात घडलं, झावळ्यांचा रविवार सहा दिवसांवर असताना. आपल्या दारातला हा इतिहास आपण उपवासकाळात एकदाही आठवत नाही, याचं मला नवल वाटतं.

कुणी म्हणेल, हे राजकारण झालं, याचा धर्माशी काय संबंध? यशया संदेष्ट्याला विचारा. देवाला कसला उपवास आवडतो हे सांगताना तो आधी जोखड मोडायला सांगतो, दबलेल्यांना मोकळं करायला सांगतो, आणि त्याच दमात भुकेल्याला भाकरी द्यायलाही सांगतो. दोन्ही एकत्र. याकोबाच्या पत्रात तर मजुरांची दाबून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढलं, त्यात मजुराला कुटुंब चालेल एवढी मजुरी मिळणं हा न्यायाचा प्रश्न मानला. आताच्या पोपनी २०२५ मध्ये लिओ हे नाव घेतलं तेही त्या परिपत्रकाची आठवण ठेवून. तेव्हा मजुरीबद्दल बोलणं ही चर्चची जुनी शिकवणच आहे.

इथंच पुढारीपणाचा प्रश्न येतो. आपल्या कार्यक्रमांत पुढारी म्हणजे स्टेजवरच्या मधल्या खुर्चीत बसतो तो. पवित्र गुरुवारी आपण बघतो ते चित्र उलटं आहे. गुरू कमरेला टॉवेल बांधून खाली बसतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पाय धुवायचे तर वाकावं लागतं, आणि वाकल्यावर समोरच्याच्या टाचेच्या भेगा दिसतात. ज्याला त्या भेगा दिसल्या नाहीत त्यानं वाटप समितीचं अध्यक्षपद घेऊ नये, असं माझं मत आहे. निदान वाटपाआधी दोन-चार घरांत जाऊन ‘मावशी, तुम्हाला काय लागतंय?’ एवढं तरी विचारावं.

आणि अजून एक. दुःखात असलेल्या माणसाला लगेच उपदेश करू नये. ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस ते त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ सुरू केलं आणि शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. पुरात घर गेलेल्या, खोकून बेजार झालेल्या बाईला ‘देवाची इच्छा’ म्हणून सांगणं फार सोपं आहे. तिच्याजवळ गप्प बसणं अवघड आहे.

मग करायचं काय? आपल्याकडे पैसे कमी आहेत, पण एक गोष्ट भरपूर आहे. सीमाभागात वाढल्यामुळं आपल्यातल्या बहुतेकांना मराठी येते, इंग्रजी येते, आणि कन्नड वाचता-लिहिता येणारे पुष्कळ आहेत. विडी कामगारांना सरकारी ओळखपत्र मिळतं. त्यांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. पण घरात मराठी, ऑफिसात कन्नड आणि पोर्टलवर इंग्रजी, या तिढ्यात बाई पहिल्याच पानावर अडकते. महिन्यातला एक रविवार, मिस्सा झाल्यावर दोन तास, आपण टेबल टाकून बसलो आणि अर्ज भरून दिले, तर ते दान किटपेक्षा जास्त दिवस टिकेल. एका मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली तर पुढच्या वर्षी तिच्या आईला आपल्या पिशवीची गरज कमी पडेल. दानाचं यश मी त्यात मानते.

शोमरोन्याच्या गोष्टीत एक बारीक तपशील आहे. तो धर्मशाळेवाल्याला दोन दिनार देतो आणि सांगतो की जास्त खर्च झाला तर मी परत येताना देईन. म्हणजे तो परत येणार होता. आपला ट्रक परत जात नाही.

म्हणून साहित्य मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तीन ठराव मांडणार आहे. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. जमा-खर्चाचा कागद बोर्डावर लावायचा. आणि रविवारचं अर्जांचं टेबल सुरू करायचं. कुणाला पटत नसेल तर त्यांनी बैठकीला जरूर यावं, वाद घालू. ज्यांना पटतंय त्यांनी कन्नड येणारा एक मित्र बरोबर आणावा.