वस्तूंची दोन नावे

जुन्या वस्तूंना मराठीने निरनिराळी नावे दिली आहेत. वाटेत येते ती अडगळ, वजनावर विकली जाते ते भंगार आणि वाडवडिलांची म्हणून जपली जाते तो ठेवा. वस्तू पुष्कळदा एकच असते. पाहणाऱ्याच्या नजरेप्रमाणे तिचे नाव बदलते. या तिन्हींखेरीज चौथीही एक नजर आहे, ती कलावंताची. टाकून दिलेल्या, सापडलेल्या, मोडक्या वस्तूंतून नवी आकृती घडविणाऱ्या या नजरेविषयी आज लिहावयाचे आहे. हा विषय प्रदर्शनांपुरता नाही. गावाकडचे घर आवरण्याची वेळ ज्या ज्या कुटुंबावर येते, त्या प्रत्येकाच्या माळ्यावर तो धूळ खात पडलेला असतो.

उदाहरणासाठी गोव्याचा पेडणे तालुका घेऊ. त्याच्या पूर्वेच्या टोकाला, दोडामार्गाच्या सीमेनजीक, इब्रामपूर हे गाव आहे. १७८८ साली पेडणे महाल सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला आणि ‘नव्या काबिजादीं’त मोडू लागला. जुन्या काबिजादींच्या मानाने या भागात देवळे, कीर्तन आणि मराठी पोथ्या अधिक टिकल्या. त्यांच्याबरोबर शेतीची आणि स्वयंपाकघराची अवजारेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. इब्रामपूर, हणखणे, चांदेल या बाजूच्या जुन्या घरांतील सामान आठवून पाहावे. धान्य मोजण्याची पायली आणि कुडव, दगडी वायन, लाकडी मुसळ, विळीची गोवेकर बहीण म्हणावी अशी आदोळी, वेताची रोवळी, नांगराचा फाळ, आणि देवघरात डिचोलीच्या कासारांची पितळी समई. घरातील माणसे नोकरीधंद्यासाठी मुंबईस, बेळगावास किंवा त्याहून दूर गेली की या वस्तू माळ्यावर चढतात. पुढे घराची वाटणी किंवा विक्री निघाली म्हणजे त्या खाली उतरतात आणि तराजूत पडतात. तराजूला पितळ कळते, लोखंड कळते. कुडव कळत नाही.

या वस्तूंचे करावे काय, या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कलावंतांनी अशा वस्तूंचे काय केले ते पाहू. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स याने पहिल्या महायुद्धानंतर रस्त्यावरची तिकिटे, वेष्टने आणि छापील कागदांचे तुकडे चिकटवून चित्रे केली. एका तुकड्यावर ‘कोमर्त्स’, म्हणजे व्यापार, या शब्दाचा उत्तरार्ध तेवढा उरला होता. त्यावरून १९१९ साली त्याने आपल्या साऱ्या कलेला ‘मेर्त्स’ असे नाव दिले. १९४२ साली पिकासोने सायकलची बैठक आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू एकमेकींना जोडल्या आणि बैलाचे मस्तक तयार झाले. ते पाहताना बैल दिसतो, पण बैठक आणि हँडल लोपत नाहीत. डोळा एकदा शिंगे पाहतो, एकदा हँडल पाहतो, आणि या येण्याजाण्यातच त्याला आनंद होतो. सापडलेल्या वस्तूंच्या कलेचे मर्म येथे आहे. तिच्यातील वस्तूला दोन नावे असतात, जुने आणि नवे, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू यावी लागतात. जुने नाव पुसले गेले तर उरतो तो केवळ कच्चा माल.

आपल्या देशातील याचे थोर उदाहरण चंदीगडला आहे. तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक असलेले नेकचंद हे १९५७ च्या सुमारास नोकरीच्या वेळेबाहेर, कोणाच्या नकळत, जंगलातील एका घळीत दगड आणि मोडके सामान साठवू लागले. नवे शहर वसविण्यासाठी जी गावे पाडण्यात आली होती, त्यांचाच तो राडारोडा होता. फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, चिनी मातीच्या फरश्या, जळालेल्या विटा यांतून त्यांनी माणसांचे आणि पशुपक्ष्यांचे तांडेच्या तांडे उभे केले. सरकारी जमिनीवरचे हे बेकायदा जग १९७५ च्या सुमारास उघडकीस आले तेव्हा ते पाडले जाण्याची भीती होती. परंतु १९७६ साली ते ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांसाठी खुले झाले. त्या मूर्तींच्या अंगावरच्या बांगड्या एके काळी कोणाच्या तरी हातांत होत्या, हे बघ्याला सांगावे लागत नाही. नाहीशा झालेल्या घरांची साक्ष त्या बागेत अशी उभी आहे.

हे सारे वाचून ही कला परक्या प्रांतातील आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या घरातील गोधडी घ्या. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मुलांचे विटलेले सदरे यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली ही वस्तू ऊब देते. शिवाय कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा, हे घरातील पोरांना झोपता झोपता सांगताही येते. म्हणजे दोन नावांची अट येथेही पुरी होते. गोव्याशी जुना संबंध असलेल्या एका समाजाने तर या शिवणीला फार उंचीवर नेले आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले आणि पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटून घाटावरच्या जंगलात स्थिरावलेले अनेकांचे पूर्वज ज्यांत होते, ते सिद्दी लोक आज उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांत राहतात. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. शिवण एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येते. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी उघडीवाघडी दिसते, असे त्या मानतात. ऊब तर फुलांशिवायही मिळाली असती. गरजेपलीकडची ही चार फुले ज्या क्षणी लागली, त्या क्षणी चिंध्यांची कला झाली.

पेडण्याकडच्या घरांत दर वर्षी भाद्रपदात दिसणारी माटोळीही याच जातीची. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. गणपतीच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळांची पेंड, सुपारीचे घड, तोरंजन, आंबाडे, कवंडळे आणि रानातली नाना तऱ्हेची फळे-फुले बांधली जातात. काय मिळेल हे रानाने ठरवायचे आणि ते कोठे बांधावे हे हाताने. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या वतीने माटोळीची स्पर्धा भरते आणि तिच्यात निव्वळ रानफळांतून देवतांच्या व वाद्यांच्या आकृती साकारलेल्या पाहावयास मिळतात. आता माटोळीचे सामान बाजारातही विकत मिळते, ही गोष्ट खरी; परंतु रान धुंडाळताना हाती आलेल्या एखाद्या वेड्यावाकड्या फळावरून जी कल्पना सुचते, ती सामानाची यादी घेऊन बाजारात गेल्याने सुचत नाही. प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती बहुधा अशीच येते. आधी वस्तू भेटते आणि विचार तिच्या मागून चालत येतो.

एवढे झाल्यावर एक अवघड प्रश्न उरतो. जुन्या वस्तूंपासून कला करावयाची, तर त्या कापायच्या, जोडायच्या, रंगवायच्या. मग त्या जतन कशा व्हायच्या? या ठिकाणी दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही वाटांनी मोठी माणसे गेली आहेत.

जतनाच्या वाटेवर आपल्याला प्रथम भेटतात ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, कोरीव दारे अशा नित्याच्या वस्तूंसाठी त्यांनी देशभर पायपीट केली. अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्युगो गोमिश यांनी २००९ साली ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय उघडले. ते स्वतः चित्रकार. पण आपली दृष्टी त्यांनी नांगर, मापे, भांडी, ऊस गाळण्याचा प्रचंड लाकडी चरक अशा हजारो वस्तू शोधण्यास वाहिली. संग्रहालयाची वास्तूही त्यांनी पाडलेल्या जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांतून उभी केली. घडविण्याच्या वाटेवर आहेत डॉ. सुबोध केरकर. वैद्यकी सोडून ते कलेकडे वळले आणि पिळर्ण येथे २०१५ साली त्यांनी ‘म्युझियम ऑफ गोवा’ सुरू केले. जुन्या होड्यांचे लाकूड, शिंपले, वाळू यांतून ते समुद्राचा आणि गोव्याचा इतिहास सांगतात.

या दोन वाटांत विरोध दिसतो तेवढा नाही. बाणावलीच्या वास्तूकडेच पाहावे. घर पाडले गेले होते, म्हणून दार भिंतीत बसविण्यास मोकळे झाले. आत मांडलेला चरक धडधाकट होता, म्हणून तो चरकच राहिला. पिकासोने घेतलेली बैठक कारखान्यात घडली होती. तिच्यासारख्या हजारो बैठका जगात होत्या. इब्रामपूरच्या सुताराने फणसाच्या लाकडातून कोरलेल्या मापाला दुसरी प्रत नाही. त्याला भोक पाडून विजेचा दिवा बसविला किंवा समई कापून तिची टेबलावरची शोभा केली, तर नवे नाव लागते खरे, परंतु जुने मरते. आणि दोन नावांची कला म्हणावे असे तेथे काही उरत नाही. म्हणून नियम असा असावा, असे आम्हांस वाटते: जिचे अंग आणि काम दोन्ही शाबूत आहेत, ती हातघडणीची वस्तू जशीच्या तशी ठेवावी, जी तुटली, जिचे जोडभाग हरवले, ती निःसंकोच कलेच्या हवाली करावी. तुटलेल्या वस्तूवर अशी दया करणारा दुसरा कोणी नसतो.

राहता राहिला तो घराघरातला व्यवहार. दूरच्या शहरातील दोन खोल्यांत पन्नास वस्तू मावणार नाहीत, हे कोणालाही कळते. त्या मावाव्यात असा आग्रहही नाही. आग्रह एवढाच की, वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी तिचे नाव घरात राहावे. येत्या सुट्टीत माळा उघडाल तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला खुर्चीवर बसवावे आणि मुलांना खाली सतरंजीवर. एकेक वस्तू पुढे येऊ द्यावी. तिला गावच्या बोलीत काय म्हणत, तिच्याने कोणते काम होई, ती कोणाच्या हातची, एवढे तीन प्रश्न मुलांनी विचारावेत. आजीने सांगितलेला शब्द शुद्ध मराठीत बसवू नये. ‘आदोळी’ला विळी लिहिले की आदोळी गेली. मग शाबूत वस्तूंतून जागा असेल तेवढ्या ठेवाव्यात आणि उरलेल्या नातलगांना अथवा एखाद्या संग्रहालयास विचारून द्याव्यात.

मोडक्या वस्तूंचा ढीग मुलांच्या ताब्यात द्यावा, मात्र हाती खिळा आणि डिंक लगेच देऊ नये. आठ दिवस त्यांनी ते तुकडे नुसते मांडावेत, उलटेसुलटे करावेत, भिंतीवर पडणारी त्यांची सावली पाहावी. तुटक्या रोवळीत कासवाची पाठ दिसेल, दात पडलेल्या फणीत कुंपण दिसेल. दिसले की जोडावे. लाकडावर रंग चढविण्याची घाई नको. हाताच्या घामाने आणि तेलाने आलेली काळसर झाक हाच त्याचा मूळचा रंग असतो, आणि तो दुकानात मिळत नाही.

शाबूत वस्तूंवर जी चिठ्ठी असेल ती चिकटवू नये. सुती दोऱ्याने बांधावी आणि तिच्यावरचा मजकूर पेन्सिलीने लिहावा. शाई ओलाव्याने फुटते, पेन्सिलीची अक्षरे नातवंडांनाही वाचता येतात.