पदवी संयुक्त, भाषा कोणाची?

१८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा एकमेकांविरुद्ध रणांगणात उतरले. उभयतांच्या वादात सापडलेला सार प्रांत १९५७मध्ये जर्मनीत समाविष्ट झाला. त्याच प्रांतातील सारब्रुकेन येथे आज फ्रँको-जर्मन विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९७च्या वायमार करारातून जन्मलेले हे विद्यापीठ म्हणजे दोन्ही देशांतील शिक्षणसंस्थांचे जाळे होय. विद्यार्थी दोन्हीकडे शिकतो, दोन्ही देशांच्या पदव्या मिळवतो आणि त्यासाठी सहसा दोन्ही भाषा आत्मसात करतो.

१९९९च्या बोलोन्या घोषणेनंतर युरोपात संयुक्त पदव्यांची वाट रुंदावली. मात्र अनेक अभ्यासक्रमांनी इंग्रजीचा सोपा मार्ग पत्करला. शेजाऱ्याची भाषा न शिकता त्याचे मन कसे कळणार?

भारतीय विद्यापीठांनाही परदेशी विद्यापीठांसह संयुक्त पदव्या देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये दिली आहे. असे करार जरूर व्हावेत. परंतु येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला येथील भाषा शिकवण्याची अट त्यांत असलीच पाहिजे. स्वाभिमानी राष्ट्रे बरोबरीच्या नात्याने कशी शिकतात, हे सारब्रुकेनने दाखवले आहे.