सातबारा आणि इंग्रजीतला वर्तमानकाळ



आपल्या राज्यात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ती शिकलेली मुले आता नोकरीच्या मुलाखतींना जातात. तिथे हमखास प्रश्न येतो, वडील काय करतात? पुष्कळ मुले सांगतात, 'माय फादर इज डूइंग फार्मिंग.' चोख इंग्रजी जाणणाऱ्याला वाटते, वडील तूर्त शेती करताहेत, पुढे दुसरे काही करतील. पिढ्यान्‌पिढ्यांची शेती एका वाक्यात हंगामी होऊन जाते! 'माय फादर इज अ फार्मर' म्हणावे, झाले.

मुलांना सातबारा दाखवा. सात नंबरात जमीन कोणाची ते असते. ते सहसा बदलत नाही. बारा नंबरात पीक असते. ते हंगामागणिक बदलते. तसेच इंग्रजीत नेहमीची रीत साध्या वर्तमानकाळात सांगतात, सध्यापुरते काम चालू वर्तमानकाळात. 'वी ग्रो अनियन्स' म्हणजे आम्ही कांदा पिकवतो. 'वी आर ग्रोइंग अनियन्स धिस यिअर' म्हणजे यंदा कांदा पिकवतो आहोत.

द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्यांनी विशेष जपावे. 'व्हॉट डू यू स्प्रे?' म्हणजे एरवी कोणती औषधे फवारता? 'व्हॉट आर यू स्प्रेइंग?' म्हणजे सध्या काय फवारता आहात? तोडणीच्या तोंडावर उत्तरात गल्लत झाली, तर मालावर नाहक शंका येते.

ओळखायचे कसे? वाक्य आधी मराठीत नीट म्हणा. 'करतो' आले तर साधा काळ. 'करतो आहे', 'करतोय' आले तर 'ॲम', 'इज' किंवा 'आर', आणि क्रियापदाला 'इंग'. मात्र दोन ठिकाणी सांभाळा. 'बाबा रोज पहाटे धार काढत असतात' यातले 'असतात' सवयच सांगते. म्हणून 'ही मिल्क्स द काऊज एव्हरी मॉर्निंग.' 'मिल्क'पुढचा 'स' विसरू नये. आणि 'आमच्याकडे दोन बैल आहेत' याला 'वी हॅव टू बुलक्स' पुरे, 'हॅविंग' नको.

आज जेवणे उरकली की घरातली पाच कामे मराठीत सांगा, मुलांना इंग्रजी करू द्या. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी बिघडत नाही. रोजचे काम कोणते आणि यंदापुरते कोणते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक?