कोन मोजावाच लागतो

जुन्या जीपचा गिअरबॉक्स बदलला, ती पुणे रस्त्यावर भरधाव नेऊन पाहिली आणि अंगाला कंप जाणवला नाही, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची जुळणी बिनचूक झाली, असा फैसला स्वतःस जाणकार म्हणविणाऱ्या एका गृहस्थांनी नुकताच दिला आहे. शाफ्ट बॅलन्स केलेला असावा, नजरेला सरळ दिसावा, एवढ्यावर त्यांच्या मते मिस्त्रीचे कर्तव्य संपते आणि कोनमापक ही पुस्तकी मंडळींची हौस ठरते. ज्या अहिल्यानगरात (पूर्वीच्या अहमदनगरात) लष्कराचे रणगाडा संग्रहालय आणि वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे, तेथे हे मत बिनहरकत खपावे, याचा संताप येतो.

नजरेच्या सरळपणाचे खंडन सोपे आहे: शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांना, म्हणजे क्रॉसना, किंचित कोन लागतोच, नाहीतर त्यांच्या टोप्यांतील बेअरिंगच्या सुया जागच्या जागी दाबल्या जाऊन खाचा पाडतात. बॅलन्सचेही तसेच: असमतोल वजन शाफ्टच्या फेऱ्यात एकदा हिसका देते, कोनाची चूक दोनदा, एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही.

पण कंप नाही म्हणून दोष नाही, हे विधान केवळ चुकीचे नव्हे, घातक आहे. क्रॉस १० अंशांत फिरला, की एकसारख्या गतीने आलेला फेरा पुढे सुमारे दीड टक्का जलद आणि तितकाच मंद होतो; दुसरा क्रॉस हा चढउतार पुसतो, परंतु दोन्हीकडचे कोन समान आणि शाफ्टचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एकाच पातळीत असतील तरच. सीजे-३बी जीपच्या दोन आसांतील अंतर मुळात सुमारे ८० इंच. इंजिन जागेवर ठेवून लांब गिअरबॉक्स बसविला, की ट्रान्सफर केस मागे सरकते, मागचा शाफ्ट आखूड होतो आणि कोन तीव्र होतो. रिकाम्या गाडीच्या एका फेरीत हे कळेल कसे? मागे चार माणसे बसताच कमानी दबतात. इमामपूरचा घाट चढताना जोर लागला, की मागच्या आसातील पिनियनचे नाक वर उचलले जाते. आणि पाट्यांच्या कमानींचे नित्याचे धक्के सोसणाऱ्या शरीराला तो कंप वेगळा ओळखू येत नाही. क्रॉस मात्र झिजतच असतो.

जुन्या गाडीत परका गिअरबॉक्स म्हणजे भ्रष्टाचार, असे हाच पक्ष पूर्वी हिरिरीने सांगत असे. गाडी रस्त्यावर राहिली पाहिजे, हे आमचे म्हणणे तेव्हा त्यांस अमान्य होते. आता बदल मान्य केला आणि त्याची जबाबदारी तेवढी नामंजूर केली.

करावयाचे ते थोडके आहे. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असावी. जॅकवर टांगलेल्या आसाचा कोन खोटा असतो. ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्टची नळी आणि पिनियनचा फ्लँज यांचे उतार मोजावेत. दोन्ही क्रॉसच्या कोनांत एका अंशाहून अधिक फरक निघाल्यास मागची कमान आणि आस यांच्यामध्ये पाचर किंवा गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली पॅकिंग घालून पुन्हा मोजावे. गाडीमालकांनी हे तीन आकडे मिस्त्रीकडून लिहून घ्यावेत आणि ते हाती पडेपर्यंत मजुरी चुकती करू नये.